दसारामजींचा खडूचा ट्रक

दसारामजी कोणाच्याही घरी चहाला आले की बशीत चहा ओतायच्या आधी त्या घरातलं सगळं सामान मनातल्या मनात बांधून टाकत. तुम्ही त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलत असायचात आणि ते तुमच्या खांद्यावरून मागच्या कपाटाकडे पाहत असायचे. मध्येच पुटपुटायचे, "आडवं नाही चढनार हे. उभंच न्या लागन."

"काय म्हणालात?"

"काही नाही जी. चहा मस्त झाला."

आमच्या मुलीच्या बारशाला आले तेव्हा बाकीचे लोक नाक आईचं की बापाचं यावर चर्चा करत होते. दसारामजींनी पाळण्यात डोकावून पाहिलं, पोरीला दोन्ही हातांवर घेतलं, जरा वरखाली केलं आणि जाहीर केलं, "तीन किलो आठशे. नाजूक माल हाय, वरतून काही ठेवू नका." आमच्या सौभाग्यवती कुसुमताई दोन दिवस माझ्यावर रागावून होत्या, कारण दसारामजींना बोलवायचा आग्रह माझा होता. पुढे दवाखान्यात पोरीचं वजन केलं तर शंभर ग्रॅमचाही फरक नव्हता. तेव्हा कुठे कुसुम हसली.

मी वरठी स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीत होतो आणि ते पार्सल ऑफिसात. आणीबाणी उठली त्या वर्षी माझी बदली तिथे झाली, तेव्हा त्यांची नोकरी संपत आली होती. अंगानं सुकलेले, डोक्यावर टोपी, कानावर निळी पेन्सिल. तीस वर्षं लोकांच्या पेट्या, टोपल्या आणि पोती हाताळून या माणसाला जगातल्या प्रत्येक वस्तूला वजन, माप आणि नंबर असतो असं धरून चालायची सवय लागून गेली होती. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचा क्वार्टर होता. आमच्यापेक्षा मोठा, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे ओसरी.

रेल्वेच्या नोकरीत बदल्या चुकत नाहीत. आमच्या कॉलनीत कोणाच्या बदलीचा कागद आला की ती बातमी त्याच्या बायकोच्या आधी दसारामजींना कळायची. संध्याकाळी ते मापाची बांबूची काडी घेऊन दारात हजर. पहिला प्रश्न ठरलेला, "उतरवाचं कुठं?"

समोरचा म्हणायचा, "दसारामजी, अजून बांधायचंच आहे सगळं."

"चढवनं कोनालेही येते जी. उतरवाचं कुठं ते पयले सांगा. दार केवढं, जिना हाय का नाही, रस्त्यावरून घर किती लांब. तेच मालूम नसन तं बांधून काय करता?"

आणि ते खरोखर जाऊन पाहून यायचे. सुट्टीच्या दिवशी पहिल्या गाडीनं गोंदियाला, आमगावला, कुठे म्हणाल तिथे जायचे, त्या अनोळखी घराची दारं-खिडक्या काडीनं मोजायचे आणि संध्याकाळपर्यंत परत. एकदा आमच्या सिग्नलवाल्याची बदली तिरोड्याला झाली. दसारामजी माप घेऊन आले आणि ओसरीवर बसून गंभीरपणे म्हणाले, "कपाट जात नाही."

"मग कपाट विकू?" सिग्नलवाला म्हणाला.

"कपाट कायले विकता? सासऱ्यानं देल्लं कपाट हाय. घर बदला."

सिग्नलवाल्यानं घर बदललं. दुसरं घरही दसारामजींनीच शोधून दिलं आणि त्याचं दार चार बोटं जास्त रुंद होतं. मी हे तेव्हा हसून सगळ्यांना सांगत असे.

त्यांचा सगळ्यात मोठा सोहळा मात्र जायच्या आदल्या दिवशी असायचा. कॉलनीच्या मैदानात ते खडूनं ट्रक काढत. अगदी मापानं. ड्रायव्हरची बाजू, मागचा फळका, चाकामुळे जिथे उंचवटा येतो ती जागासुद्धा. मग घरातली एकेक वस्तू बाहेर आणून, तिच्यावर निळ्या पेन्सिलीनं नंबर टाकून, त्या खडूच्या ट्रकात रचायची. सगळं मावलं की दसारामजी भोवती एक चक्कर मारत आणि मान हलवत. मग सगळं पुन्हा घरात. खरा ट्रक दुसऱ्या दिवशी यायचा.

स्टेशन मास्तरांच्या बदलीच्या वेळी ही तालीम फार रंगली. दुपारी मास्तरीणबाईंना चहा करायचा होता आणि स्टोव्ह होता अडतीस नंबर, म्हणजे पार तळाला. त्या म्हणाल्या, "अवो दसारामजी, तेवढा स्टोव्ह काढून द्या."

"आता नाही निंगत, वहिनी. स्टोव्ह आता नागपूरलेच."

"अवो, हा खरा ट्रक थोडीच हाय? खडूचा हाय!"

"म्हनून काय झालं? उद्या रस्त्यात असाच चहा आठवला तं?"

मास्तरांच्या म्हाताऱ्या सासूबाई हा प्रकार पाहायला खुर्ची टाकून बसल्या होत्या. दसारामजींनी त्यांना आहे तशा खुर्चीसकट उचलून ड्रायव्हरच्या मागच्या चौकोनात ठेवायला लावलं. खुर्चीवर नंबर टाकला, एक्केचाळीस. सासूबाई नंबर मिळाल्यावर इतक्या खूश झाल्या की तालीम संपली तरी उतरेनात.

पण एक नंबर ते आधी कधीच टाकत नसत. तो घरच्यांना विचारत. "नव्या घरात पयलं काय जाते तुमच्या?" ज्याच्या घरी जे आधी जायचं ते सगळ्यात शेवटी चढायचं, म्हणजे सगळ्यात आधी उतरेल. कोणाच्या घरी देव जात, कोणाच्या घरी पाण्याची घागर आणि मीठ. पॉइंट्समन मेश्रामांच्या घरी बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. दसारामजींनी त्या तसबिरीभोवती स्वतःची गरम शाल गुंडाळली आणि शाल परत घेतली नाही. एका तरुण फायरमननं एक नंबरला रेडिओ सांगितला, तोही त्यांनी तितक्याच अदबीनं घेतला.

आम्ही वरठीला आलो तेव्हा आमच्या वाट्याला एक खोली आणि एक स्वयंपाकघर आलं. माणसं पाच. मी, कुसुम, दोन मुलं आणि माझी आई; मुलगी पुढे झाली. दसारामजींनी भिंती मोजून सगळं बसवून दिलं खरं, पण आईची खाट काही केल्या बसेना. "हे माझ्याच्यानं होत नाही, बाबू," असं त्यांनी कबूल केलं, तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. आईची खाट व्हरांड्यात गेली, बाहेरून पोत्याचा पडदा लावून. दसारामजी म्हणाले, "मी निवृत्त झालो की हा माझा क्वार्टर तुमालेच भेटते. तोपर्यंत निभवा." साहेबांनीही तसंच लिहून दिलं. हा क्वार्टर रिकामा झाला की तो आमचा.

पावसाळ्याच्या तोंडावर दसारामजी निवृत्त झाले. हारतुरे झाले, भाषणं झाली. ते बपेऱ्याला जाणार हे सगळ्यांना माहीत होतं, कारण बपेऱ्याच्या घराचं वर्णन आम्हाला पाठ होतं. तुमसरच्या पुढे, मध्य प्रदेशाच्या हद्दीजवळचं त्यांचं गाव. पाच खोल्यांचं घर, मागे आंब्याची दोन झाडं, आंगणात विहीर, आणि पुतण्या गोपाल वाट पाहत असलेला. आम्ही म्हणालो, आता स्वतःचा खडूचा ट्रक काढा.

ते म्हणाले, "आखाडात कोनी घर बदलते का?"

बरोबर होतं. आषाढ गेला. मग म्हणाले, श्रावणात झडी लागून राहिली, सामान भिजन. झडी संपली तर पितृपक्ष आला. दिवाळीला दोन दिवस गावाला जाऊन येतो म्हणून गेले आणि त्याच दिवशी परत आले. मग धानाची कापणी सुरू झाली आणि त्यात म्हणे कुठलाच ट्रक मोकळा सापडत नव्हता. कापणी झाली, मळणी झाली. मी पुन्हा विचारलं, म्हणजे विचारलं असं नाही, "काय दसारामजी, ट्रक भेटतात न आता?" एवढंच म्हणालो.

"आता पूस लागला, बाबू. पुसात नवीन काही करत नाहीत."

पंचांग या माणसाच्या बाजूनं होतं. नियमानं राहता येतं तितकं राहून झालं होतं, वर मुदतवाढही मिळाली होती. निवृत्त झाल्यावरसुद्धा ते रोज पार्सल ऑफिसात येऊन बसत. नव्या बाबूचं अक्षर वाईट, त्यामुळे स्टेशनचं आवक-जावक रजिस्टर तेच लिहून देत. चहा पीत आणि अकराची गाडी गेली की घरी जात. सगळे म्हणत, वल्ली आहे.

पण त्या पौषात थंडी फार पडली. व्हरांड्यात पोत्याच्या पडद्याआड आई खोकायची. रात्रभर खोकायची आणि सकाळी मला म्हणायची, "मले काही नाही होत, तुम्ही झोपले न नीट?"  आणि मी पलीकडच्या दोन खोल्यांच्या भिंतीकडे पाहत बसायचो, जिथे एक माणूस आणि एक कपाट राहत होतं.

माझ्यात एक दोष आहे, तो इथे सांगितला पाहिजे. मला कोणाच्या तोंडावर काही बोलता येत नाही. दसारामजी दिवसातून पाच वेळा समोर येत. "राम राम, बाबू," म्हणत. मीही राम राम म्हणे आणि घरात येऊन धुसफुस करत बसे. भिंतीपलीकडे जाऊन, "दसारामजी, खरंच, काय अडलं आहे?" एवढं वाक्य मला त्या सात महिन्यांत बोलता आलं नाही. कागदावर मात्र मी शूर. एका रविवारी बसून मी अर्ज लिहिला. निवृत्त कर्मचारी क्वार्टर सोडत नाहीत, त्यामुळे माझ्या वृद्ध आईची आणि कुटुंबाची अतोनात गैरसोय होत आहे, तरी कृपया. दसारामजी चहाला बाहेर गेलेले पाहून मी तो ऑफिसात देऊन आलो. देताना इकडेतिकडे पाहिल्याचंही मला आठवतं.

पंधरा दिवसांत नोटीस आली. ती घेऊन दसारामजी माझ्याच घरी आले.

"निंगा लागते आता, बाबू. बपेऱ्याले खताचा ट्रक जाऊन राहिला परवा. अर्धा रिकामा हाय. तुमी येता का संगं? सामान उतरवाले दोन हात पाहिजे."

 अर्जाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. येतो म्हणालो. न येऊन सुटका नव्हती.

त्यांच्या जाण्यासाठी मैदानात खडूचा ट्रक कोणी काढला नाही. काढायला सामान होतं कुठे? एक खाट, एक पेटी, भांड्यांची दोन पोती आणि बायकोच्या हौसेनं करून घेतलेलं सागवानी कपाट, मोठ्या आरशाचं. पोरं खडू घेऊन आली तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बेटा, एवढ्याशा सामानाले कायले." मला तेव्हा बरंच वाटलं. लवकर आटपेल असं वाटलं. आपण किती चटकन बरं वाटून घेतो, याची आज लाज वाटते.

तुमसरपर्यंत ते खूप बोलले. कोणतं पोतं हललं, ड्रायव्हर वळण कसं घेतो, खतावर कपाट टेकवू नका. तुमसरला चहा झाला. तिथून पुढे ते गप्प बसले. मी दोनदा आंब्याच्या झाडांचा विषय काढला. "हाय जी," म्हणाले, बस.

बपेऱ्याला घरापुढे ट्रक थांबला तेव्हा गोपाल आत जेवत होता. तो उष्टा हात तसाच घेऊन बाहेर आला, त्यानं ट्रककडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं.

"काका? एकाएकी? कागद तं टाकाचा होता."

घर दोन खोल्यांचं होतं. पाच खोल्या होत्या त्या दसारामजींच्या लहानपणी. नंतर वाटण्या झाल्या, एक भिंत पडली, एक भाग दुसऱ्या भावाच्या मुलांनी विकला. दोन खोल्यांत गोपाल, त्याची बायको, सासू, चार पोरं आणि नुकतंच लग्न झालेला धाकटा भाऊ. माणसं वाईट नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. गोपालची बायको डोक्यावर पदर घेऊन काकांच्या पाया पडली, पाणी घेऊन आली, आणि कोणी न सांगता मागचा बैलांचा कोठा झाडायला लागली. एक बैल बाहेर बांधला. त्या जागी दसारामजींची खाट लागली. पेटी खाटेखाली गेली. कोठ्याच्या दारातून कपाट आत गेलं नाही.

आम्ही ते उभं केलं, आडवं केलं, तिरपं केलं. गोपाल म्हणाला, दाराची एक बाजू फोडू. दसारामजी म्हणाले, "नोको. राहू दे आंगनात." आंगणात कपाट उभं राहिलं आणि आरशात समोरचा बैल दिसायला लागला. गोपालच्या पोरांना त्याची भारी गंमत वाटली.

मी त्यांच्याजवळ खाटेवर बसलो. अख्ख्या कॉलनीच्या सामानासाठी परक्या गावची दारं मोजत फिरलेला हा माणूस, आणि याला तू कुठे उतरणार हे आमच्यापैकी कोणीही विचारलं नव्हतं. पाच खोल्या ऐकून आम्ही मोकळे झालो होतो.

"तुम्हाला माहीत होतं, दसारामजी?"

"अंदाज होता. दिवाळीले आल्तो न. बसमधून उतरलो, पानटपरीवर बसलो, तिथूनच वापस गेलो. घरापर्यंत नाही आलो."

"काहून?"

"पाह्यलं असतं तं तिकडं येऊन सांगा लागलं असतं, बाबू. नाही पाह्यलं तोपर्यंत पाच खोल्याच होत्या."

मी खाली पाहत होतो. तेच पुढे म्हणाले, अगदी सहज, "अर्ज चांगला लिहिला होता तुमी."

मला वाटलं, आता जमीन फाटावी.

"जावक रजिस्टरात मीच चढवला. दुसऱ्या दिवशी. तुमचं अक्षर सारं स्टेशन ओळखते जी."

"मग दाबून का नाही ठेवला?" मी विचारलं.

"कोनाचा कागद दाबून ठेवाचा नाही." मग जरा थांबून म्हणाले, "तुमच्या मायचा खोकला मले ऐकू येत जाय भिंतीच्या इकडं. रोज सकाळी म्हनो, आज निंगतो. पेटी बी बांधो. मंग वाटे, निंगून जावाचं तरी कोनापाशी? दुपारी सोडो पेटी." ते हसले. "एक वेळा माझ्याकडं येऊन बसले असते न तुमी, तं सांगतलं असतं मी सारं. दुसऱ्या कोनाले नसतं सांगतलं."

बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. खत उतरून झालं होतं. ट्रक रिकामा होता, वरठीलाच परत जायचा होता. मी उठलो. दसारामजी आंगणापर्यंत सोबत आले, माझ्या हातात हात दिला आणि म्हणाले, "मायले आतल्या खोलीत झोपवा. मागच्या खोलीले ओल येते." मी मान हलवली आणि केबिनमध्ये चढलो.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कुसुमनं विचारलं, "पोचले का बरोबर?"

"पोचले."

"घर मोठं हाय न? पाच खोल्यांचं?"

"मोठं आहे," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी आम्ही पलीकडे गेलो. आई आतल्या खोलीत झोपू लागली. महिन्याभरात तिचा खोकला बसला. मागच्या खोलीत आम्ही कांदे आणि मोडकी सायकल ठेवत होतो, म्हणजे खरं तर ती खोली मोकळीच होती.

दसारामजींना एखादं पत्र लिहीन लिहीन म्हणून राहून गेलं. कागदावर शूर असलेल्या माणसाला तेवढंही जमलं नाही. दोन पावसाळ्यांनंतर बपेऱ्याकडचा एक माणूस तिकिटाला खिडकीवर आला. मी विचारलं, तर म्हणाला, "थे कपाटवाले काका? थे तं गेले न जी, होळीच्या आधी." मी त्याला तिकीट दिलं आणि पुढच्या माणसाकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी मी कुसुमला सगळं सांगितलं. कोठा, बैल, अर्ज, सगळं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.  मग तिनं विचारलं,

"ट्रक रिकामाच आलता न वापस?"

"हो."

"मंग घेऊन काहून नाही आले त्याइले? तसंच, सामानासकट?"

मी म्हणालो, तेव्हा सुचलं नाही. ते खोटं होतं. बपेरा गाव मागे पडेपर्यंत मला त्याशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं. मी फक्त ड्रायव्हरला थांब म्हणालो नाही.